शहादेव उताणा पोहतो

चकलांब्यातल्या दोन पिढ्यांना शहादेवने पोहायला शिकवलं. रीत एकच. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि पोराला विहिरीत ढकलून वरून ओरडायचं, "हातपाय मार बे, थांबला की बुडाला." एकही पोर बुडालं नाही. लेकीला, करिष्माला, त्याने असंच शिकवलं. तिला फक्त 'बे' म्हटलं नाही.

तीच करिष्मा बर्फाचा अभ्यास करायला उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावरच्या विद्यापीठात गेली. तिथे वही उघडायच्या आधी आठवडाभर जीव वाचवायचं शिकवतात. ते जमलं नाही तर बर्फावर पाऊल टाकू देत नाहीत, मग अभ्यास कसला.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला.

"अण्णा, समुद्रात नापास झाले."

"तुला पवता येत न्हाई म्हणलं कोण?"

"पवायचंच नसतंय. रबरी पोशाख घालून उडी मारायची, उताणं पडायचं अन् सहा जणांनी एकमेकांना धरून गप राहायचं. हातपाय हालवले की अंगातली ऊब जाती. माझे पाय थांबंनात. साखळी तुटली माझ्यामुळं. उद्या अजून एकदा घेतेत, मग न्हाई."

शहादेवला भाकर गेली नाही. ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर.

"बसा की जरा," वत्सलाबाई, त्याची बायको, म्हणाली.

"मीच शिकवलं तिला," म्हणत तो विहिरीकडे निघाला. फोन घेऊन तीही मागं गेली.

साठी उलटली होती, पण शहादेव कधी पाण्यावर उताणा पडला नव्हता. आता विहिरीत उतरून पडायला गेला, की पाय खाली जायचे आणि हात आपोआप चालायचे.

"हालू नका म्हणली ना ती," वत्सलाबाई पायरीवरून म्हणाली.

"मी कुठं हालतोय? तेच हालतेत."

चार वेळा नाकातोंडात पाणी गेलं. पाचव्यांदा वैतागून त्याने मान मागे टाकून दिली. कान बुडाले आणि पाय आपसूक वर आले. वत्सलाबाई काहीतरी बोलत होती. त्याला ऐकू येत नव्हतं.

ओल्या अंगानेच त्याने फोन लावला. "पोरी, मान उचलली की पाय बुडतेत, अन् बुडाले की चालतेत. कान बुडू दे. अन् मी सांगितलेलं इसर."

"समदं?"

"पाण्यातलं तेवढं."

दुसऱ्या दिवशी कापसात खुरपताना त्याने एकच ओळ दोनदा खुरपली. उन्हं कलल्यावर फोन वाजला.

"पास झाल्याची सही मिळाली, अण्णा."

"पाय?"

"एकदा हालले. मग कान बुडवले."

शहादेव मटकन सरीतच बसला. "उद्या काय हाय?"

"बंदूक. हितं पांढरी अस्वलं असतेत, म्हणून शिकवतेत."

तो तसाच उठून उभा राहिला. बंदुकीतलं त्याला काहीच येत नव्हतं, म्हणजे या वेळी लेकीला चुकीचं सांगायची भीती नव्हती. त्यामुळे बरं वाटायला हवं होतं. वाटेना.