छत थांबलं का

माझे मालक विदर्भात कोळशाच्या खाणीत आहेत. जमिनीखाली खोल बोगदे असतात. वरच्या दगडात लोखंडी सळ्या बसवायच्या, टेकू लावायचे, हे यांच्या टोळीचं काम. यंदा रजेवर कागलला आले तेव्हा यांच्याच बोगद्यात छत जरा जरा खाली येत होतं. बाकीचे गडी आधार वाढवत होते आणि सोमवारी यांनाही परत जायचं होतं.

गोठ्याची तुळई वाकली होती म्हणून मागं मी तिला एक टेकू दिला होता. तो यांनी हलवून बघितला.

"लई घट्ट ठोकलाईस. भार आला की कडकन मोडंल."

मग त्यांनी टेकूच्या डोक्यावर पांगाऱ्याची मऊ फळी सारली. "ही आधी चेपंल. चेपली की वळखायचं, वरनं जोर वाढलाय."

सासूबाई धार काढत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हशीला बी सांगून ठेव की बाबा. फळी चेपली की भाईर पळ म्हणावं."

आम्ही हसलो. मी हळूच विचारलं, "खाणीत बी असंच करत्यात?"

"व्हय. पर तितं खालची जमीन बी फुगून वर येतीया. कापून काढावी लागती."

छत पडतं हे मला ठाऊक होतं. जमीन वर येते हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी यांच्या खाणीतल्या जोडीदाराचा फोन आला. फोन ठेवून हे म्हणाले, "छत यायचं कमी झालंय म्हणतोय. पिशवी भर."

सासूबाई चटणी बांधायला उठल्या. त्यांच्यासमोर मी यांना कधी उलटून काही विचारलेलं नाही. पण तोंडातून निघून गेलं, "कमी झालंय, का थांबलंय?"

यांनी पिशवी माझ्याकडं सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "अरं, ती काय इचारतीया? सांग की!"

यांनी पुन्हा फोन लावला. थांबलं नव्हतं. जोडीदार म्हणाला, अजून थोडं थोडं येतंच आहे. मग यांनी साहेबांना फोन करून रजा वाढवून मागितली. साहेबांनी ती दिली.

आता रोज संध्याकाळी त्या जोडीदाराचा फोन येतो. तेवढा वेळ मी भाकरी थापायची थांबते, म्हणजे नीट ऐकू येतं. आज हे माझ्याकडं बघून म्हणाले, "आजून न्हाई."

मी त्यांना वाढायला घेतलं.