मोहितेकाकांची काळ्या काचेची पारख

वेल्डिंगचा नवा चष्मा आला की मोहितेकाका तो घेऊन भर उन्हात कारखान्याच्या दारात उभे राहायचे आणि त्यातून थेट सूर्याकडे बघायचे. सूर्याचा नुसता ठिपका दिसला तरच चष्मा पास. "बराबर छे! आता द्या माझ्या माणसांना." पंचवीस वर्षं वेल्डिंग करून फोरमन झालेला माणूस, पणजोबा संस्थानी फौजेत होते, हे पहिल्याच भेटीत ऐकवायचा. कुठलंही नवं मशीन आधी स्वतः चालवणार, मग माणसांना हात लावू देणार.

मी खरेदी खात्यात. तेव्हा बडोद्यात परदेशी मशिनं येऊ लागली होती. आमच्याकडे पत्रा कापायचं लेझर आलं, सोबत फिकट काचेचे दोन चष्मे. काका खवळलेच. "हे काय लग्नात मिरवायचे चष्मे? डोळे जातील माझ्या माणसांचे! काळे मागव."

मशीनबरोबर माहितीपुस्तक होतं. या लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, काच किती काळी ते बघू नका, चष्म्यावरचा आकडा मशीनच्या आकड्याशी जुळवा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुस्तक माझ्याच टेबलावर पडलेलं. मी उघडलं नाही. काकांनी सांगितलं म्हणजे झालं, एवढीच माझी अक्कल! रावपुऱ्याच्या बाजारातून काळ्या प्लॅस्टिकचे डझनभर चष्मे आणले.

दोन महिन्यांनी मशीनचं झाकण उघडून आतला आरसा जुळवायचा होता. "लांब व्हा, आधी मी," म्हणत काका काळा चष्मा लावून वाकले. ठिणगी नाही, आवाज नाही. त्यांनी नुसता उजवा डोळा चोळला. "काही नाही रे, चालशे." डावा वेल्डिंगनं आधीच अधू होता.

तरसालीला त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर ते माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघत बोलत होते. "सरळ बघितलं की तुझं तोंडच नसतं."

मला राहवलं नाही. पुस्तकाचं सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या शब्दावर माणसांनी तेच चष्मे घातले. त्यांचे डोळे तपासलेस?"

चष्मे बदलले होते. तपासणी मात्र केली नव्हती; बोभाटा होईल म्हणून मालकांनी नको म्हटलं होतं आणि मी मान डोलावली होती.

"तपासले, काका. सगळ्यांचे चांगले आहेत."

"बस," म्हणाले आणि भिंतीकडे बघत पहिल्यांदाच हसले.



त्याच वर्षी काका गेले. खांदा द्यायला मशीनवरची माणसं आली होती. त्यातला एक जण माझ्याशी बोलत होता, माझ्या कानाशेजारी बघत.