मूळपेशीचा नमुना

नमुना डोळ्यांनी बघितल्याशिवाय ब्रशला रंग लावायचा नाही, हा मीरासाब पेंटरचा नियम. बैल रंगवायचा तर बैल दारात आणा, पुढारी रंगवायचा तर फोटो आणा. या हट्टापायी बरीच गिऱ्हाइकं तुटली, पण हातात घेतलेला बोर्ड त्यानं कधी अर्धवट सोडला नव्हता.

अठ्ठ्याहत्तर साली कॉलेजातल्या सयाजी सरांनी त्याला तक्ता सांगितला. हाडाच्या मगजात रक्ताच्या पेशी कशा तयार होतात, ते दाखवायचं होतं. सरांनी सूक्ष्मदर्शकातून एकेक पेशी दाखवली, मीरासाबनं ती हुबेहूब उतरवली. उरलं सगळ्यात वरचं वर्तुळ. बाकीच्या सगळ्या जिच्यापासून होतात, ती मूळपेशी तिथं हवी होती. मीरासाबनं तिचा नमुना मागितला.

सरांनी घसा खाकरला. दिसायला ती साध्या पांढऱ्या पेशीसारखीच असावी, पण नक्की बोट कुणालाच ठेवता येत नाही, म्हणाले. तिनं पुढं इतर पेशी केल्या आणि आपल्यासारखीही एक मागं ठेवली, तर म्हणायचं की ती मूळपेशी होती.

"म्हंजे आधी कळत न्हाय?"

"नाही," सर म्हणाले.

सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. तोवर वर्तुळ भरलं नाही तर तक्ता दुसऱ्या पेंटरकडं जाणार होता. आपल्या कामावर दुसऱ्याचा हात फिरणार, या विचारानं मीरासाबचं डोकं फिरलं. त्याच तिरमिरीत तो घरी आला, फळीवरची वाटी उचलली आणि भाकरीबरोबर दही चाटूनपुसून खाल्लं.

त्याची बायको खैरुनबी रिकामी वाटी बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ते विरजण होतं. लग्नात आईनं दिलेलं, रोज चमचाभर मागं ठेवत आजवर चालवलेलं.

"दह्यावानीच दिसत व्हतं की."

"दहीच व्हतं. दुधात पडलं असतं तर इरजण झालं असतं. आता तुमच्या पोटात गेलं, आता नुसतं दही."

मीरासाबला फार वाईट वाटलं. खैरुनबी शेजारच्या झुंबरबाईकडून चमचाभर दही मागून घेऊन आली. झुंबरबाईला विरजण मुळात तिनंच दिलेलं होतं. मग हे आपलंच का, असं त्यानं भीतभीत विचारलं.

"दुधाला लावलंय. उद्या सांगते."

तो तडक कॉलेजात गेला. वरच्या वर्तुळात त्यानं खालच्यासारखीच साधी पांढरी पेशी काढली, तसूभरही फरक केला नाही. तिच्यापासून खाली बाण सोडले आणि एक बाण वळवून पुन्हा तिच्याकडंच आणला.

सोमवारी साहेबांनी चष्मा पुसून तक्ता बघितला. दोन्ही पेशी सारख्याच, मग वरची मूळपेशी कशावरून, असं त्यांनी विचारलं. सर मीरासाबकडं बघू लागले.

"उद्या सांगतो," मीरासाब म्हणाला, आणि त्यानं खाली सही केली.