सडांवरचं शेण

शिरड शहापूरच्या धुरपताबाईचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. निजामाच्या राज्यात, ऐन चाळिशीत तिचा नवरा गेला, मागोमाग बाळंतपणात लेकही गेली. उरलं लेकीचं तान्हं लेकरू आणि एक म्हैस. लेकरू त्या म्हशीच्याच दुधावर जगत होतं. त्यामुळं कुणी म्हशीकडं नुसतं टक लावून पाहिलं, तरी बाईच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

त्या उन्हाळ्यात ओढ्याचा डोह आटला आणि म्हशीचं दूध कमी झालं. ती चारायला नेणारा तांड्यावरचा हिरासिंग म्हणाला, "माय, डुंबायला पाणी न्हाई. अंग तापलं की म्हस दूध देत न्हाई. घरी आली की पाणी वतत जा तिच्यावर."

बाईला वाटलं, चोर कधी चोरी कबूल करतो का? हा रानातच धार काढून पीत असणार. रेडकानं चोरून पिऊ नये म्हणून लोक सडांना शेण लावतात. बाईनं तो उपाय गुराख्यावर चालवला. सकाळची धार झाली की सडांना शेण फासायचं आणि संध्याकाळी वाकून वाकून बघायचं. लेप जसाच्या तसा असायचा. दुसऱ्या एखाद्या बाईचा जीव भांड्यात पडला असता. हिनं ठरवलं, लबाड पिऊन झाल्यावर परत शेण लावून आणतो. अशा बाईपुढं देवानं तरी काय करावं?

मग कास सुजली. धारेत गुठळ्या आल्या, रक्त आलं. "मेल्यानं करणी केली," म्हणत तिनं हिरासिंगला काढून टाकलं आणि स्वतः म्हैस चारायला नेली. दिवसभर नजर हलू दिली नाही. तरी संध्याकाळी दूध आणखीच कमी. आता चोर कुणाला म्हणायचं? भुकेनं लेकरू रडून रडून दमलं, तेव्हा बाई मुकाट्यानं तांड्यावर गेली.

हिरासिंग आला. त्यानं कोमट पाण्यानं कास धुतली, तेल-हळद चोळली. एक सड मात्र कायमचा गेला होता.

"शेणानं कास नासली, माय."

"तुला दिसत व्हतं, तर धुतलं काहून न्हाई?"

"रोज हात पुढं जायचा. पण सड साफ दिसले असते, तर तुमी मला चोर म्हणला असता."

आपण तसंच म्हणालो असतो, हे बाईला पक्कं ठाऊक होतं.