हळदीच्या पानांचा वास

हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवल्याचा वास आला, की मला किहीमच्या घरातली ती नागपंचमी आठवते. "आज एक दिवस फोन विसरा आणि माणसांसारखे एकत्र बसा," असे म्हणून बाबांनी सगळ्यांचे फोन एका डब्यात घालून तो फडताळात ठेवला. संशोधन संस्थेच्या प्रतीक्षायादीत माझे नाव पहिले होते आणि त्या दिवशी बोलावणे येऊ शकते, हे मी त्यांना सांगितले होते. आई पानांना तांदळाचे पीठ लावत होती, मी गूळखोबरे भरत होते. "हिची पातोळी मोजपट्टीने आखलेली दिसते!" दादाने चिडवले आणि मीही मनापासून हसले. इतक्यात डबा वाजला. बाबांनी फोन दादाच्या हातात दिला, "ऑफिसचा आहे, घे." संध्याकाळी डबा उघडला, तेव्हा माझा फोन बंद केलेला होता. "तू विहिरीवर पानं धुवायला गेलीस तेव्हा वाजला गं," बाबा म्हणाले, "संस्थेचाच असावा. पण इतके छान बसलो होतो सगळे, कशाला मोडायचं?" तोवर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली होती. आज मी दुसऱ्याच कामावर आहे. तरीही तो वास आला की मला आधी भूक लागते, आणि बाबांपेक्षा त्या भुकेचाच राग अधिक येतो.