सतरावी ओळ

दगूअण्णा पेंटर आधी शेतात जायचे, मग भिंतीपाशी यायचे. सायकलच्या हँडलला रंगाचा डबा, कानावर ब्रश. सिन्नर तालुक्यातल्या त्या गावात मी कृषी सहायक होतो. ठिबक संचासाठी ज्यांना सरकारी अनुदान मिळालं त्यांची नावं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा, असा आदेश नुकताच आला होता. कुणाला काय मिळालं ते गावाला दिसावं, हा हेतू. मी अण्णांच्या हातात एकोणीस नावांची यादी ठेवली.

"उद्या होईल ना?"

"चार दिवस लागतील, भाऊसाहेब. एकोणीस वावरं फिरायची हायेत."

"तपासणी मी केलीय. तुम्ही फक्त रंगवा."

"तुमची सही कपाटात ऱ्हाती. माझी भिंतीवर, गावाच्या तोंडासमोर."

रंगवलेल्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात ते लाल रंगात बारीक 'दगू पेंटर' असं लिहीत. टपरीची पाटी करायची असली तरी आधी चहा पिऊन बघत. "'स्पेशल' लिहायचं तर चव नको बघाया?" टपरीवाला वैतागे, पण त्या दिवशी दूध जरा जास्त घाली.

पाचव्या दिवशी मी गेलो. यादी देखणी उतरली होती. फक्त सतराव्या आकड्यापुढे भिंत कोरी.

"अण्णा, एक नाव राहिलं."

"नाव नाय राहिलं. नळ्या राहिल्यात. तिथं नुसता मुरूम हाय."

ते नाव माझ्या मेहुण्याचं होतं. संच बसलाच नव्हता. दुकानाचं बिल जोडून खोटा तपासणी अहवाल मीच लिहिला होता. बायकोच्या भावाला मला नाही म्हणता आलं नाही. याहून मोठं कारण माझ्यापाशी नव्हतं, आजही नाही.

अण्णांनी गावात वाच्यता केली नाही. कुणी विचारलंच तर "रंग संपला" म्हणत. ती मला दिलेली सवड होती, हे मला कळत होतं. तरी मी सिन्नरहून दुसरा पेंटर आणला आणि ओळ भरून घेतली. त्या एका नावाचं वळण वेगळं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पत्र्याच्या तुकड्याने भिंतीचा कोपरा खरवडत होते.

"काय करताय, अण्णा?"

"माझं नाव काढून घेतो. तुमचं राहू द्या."

पुढे माझी बदली होईपर्यंत ते रोज रामराम घालत, चहालाही बोलवत. भिंतीचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

काही वर्षांनी अण्णा गेल्याचं कळलं. मी दशक्रियेला नदीवर गेलो. श्रद्धांजलीच्या भाषणांत जो तो त्यांच्या अक्षराचं कौतुक करत होता. मी माइक घेतला. सतरावं नाव खोटं होतं आणि अहवालाखालची सही माझी होती, एवढंच बोललो. मेहुणा समोरच बसला होता. तो उठून गेला.

मग अण्णांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं.

"लोक सांगत होते, तुम्ही काय बोललात ते," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशी बोलायला हवं होतं, भाऊसाहेब. सहीच्या त्या लाल रंगाची डबी त्यांनी शेवटपर्यंत वाळू दिली नाय."