शालिनीकाकूंची अरबी

अभयचा फोन आला तेव्हा मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या ऑफिसखाली गाडी लावत होते. "आई गेली गं, नाझनीन," तो चिपळूणहून म्हणाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं होतं, पट्टीही निघाली होती. सकाळी चहा पिऊन शालिनीकाकू जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... मी गाडी बंद केली. आणि मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता शनिवारी उम्म सालेमला कोण सांगणार? तेही अरबीत?

अल मनखूलमध्ये आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. मी म्हसळ्याची, नोकरीसाठी इथे आलेली. काकू चिपळूणच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून रिटायर झालेल्या. यजमान गेल्यावर अभयने त्यांना इकडे आणलं. मुलगा-सून ऑफिसात, नात शाळेत, आणि आजीने मराठीत विचारलं की नात इंग्लिशमध्ये उत्तर देणार. काकू दिवसभर बाल्कनीत. मी तेव्हा दर शनिवारी ज्येष्ठांच्या एका केंद्रात व्हॉलंटियर म्हणून जायचे. तिथे इथल्या स्थानिक म्हाताऱ्या बायका सकाळी जमून कपड्यांना लावायच्या जरीच्या पट्ट्या विणतात आणि त्या कपड्यांवर शिवतात. एकदा लिफ्टमध्ये काकूंना म्हटलं, चला माझ्याबरोबर. "मला अरबी कुठे येतं?" म्हणाल्या. मी म्हटलं, मला तरी कुठे? लहानपणी कुराण वाचायला शिकले, अक्षर न् अक्षर वाचता येतं, अर्थ तेवढा विचारू नका.

पहिल्या दिवशी काकू घाबरून माझा हात धरून बसल्या. त्यांना वाटलं, बायका भांडताहेत. त्या नुसत्या मुलांच्या तब्येती विचारत होत्या. पण दोन-तीन शनिवारांत काकूंच्या कानाला शब्द लागायला लागले. कुर्सी, साबून, दुकान, तारीख... "नाझू, या मधूनमधून मराठीच बोलतात की गं!" काही महिन्यांत त्यांना निम्म्याहून जास्त समजायला लागलं. मला वाचता यायचं, त्यांना कळायचं. "आपण दोघी मिळून एक अख्खी बाई होतो," असं त्या म्हणायच्या. नजर अधू झालेल्या बायकांना सुया ओवून देणं हे त्यांनी स्वतःचं काम ठरवून घेतलं.

उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. तिथे सगळ्या तिला याच नावाने हाक मारत. तोंडाची फटकळ, पण काकूंसाठी शेजारची जागा धरून ठेवणारी. एका शनिवारी तिची छोटी नात आली होती. काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि नवाच शिकलेला शब्द वापरला, "हिल्वा! हिल्वा!" म्हणजे गोड, सुंदर. त्यापुढे 'माशाल्ला' म्हणायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. नेमका त्या आठवड्यात पोरीला ताप भरला. पुढच्या शनिवारी उम्म सालेमने खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ केली. केंद्र सांभाळणाऱ्या रीमने हळूच हिंदीत कारण सांगितलं: माशाल्ला न म्हणता कौतुक केलं, म्हणून काकूंची दृष्ट लागली असं तिला वाटतंय.

परतताना गाडीत काकू म्हणाल्या, "हे गेले त्या वर्षी शेजारच्या बारशाला मला मागच्या खोलीत बसवलं होतं. पाळण्याजवळ येऊ दिलं नव्हतं. इतक्या लांब येऊन पुन्हा तेच..." मला वाटलं, झालं, खलास, आता या यायच्या नाहीत.

पण पुढच्या शनिवारी आठ वाजता काकू इस्त्रीची साडी नेसून खाली उभ्या. म्हणाल्या, "रागावली आहे म्हणजे मला ओळखते तरी. इथे मला ओळखतं कोण?"

चार शनिवार त्या तिच्या पाठीमागे बसून सुया ओवत राहिल्या आणि तिच्या सुया टोचायच्या उशीत खोचत राहिल्या. उम्म सालेम न बघता सुई उचलायची. पाचव्या शनिवारी काकूंना दोरा ओवेना. त्यांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि त्यांनी तो सगळ्यांपासून लपवला होता. तीनदा दोरा ओला केला, तीनदा चुकला. उम्म सालेमने मागे वळून बघितलं, सुई हिसकावून घेतली, खिडकीपाशी धरली... तिलाही जमेना. मग दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. काकूंनी रीमला मध्ये घेतलं, हातवारे केले आणि सांगितलं, आमच्याकडेही दृष्ट लागते, आम्ही मीठ-मोहरी आणि तुरटी ओवाळून विस्तवात टाकतो. तुरटीचं रीमला कळेना. काकूंनी दाढी केल्याचा अभिनय करून गालावर खडा फिरवून दाखवला, तेव्हा उम्म सालेम ओरडली, "शब्बा!" तिची आईही तेच जाळायची. मग तिने काकूंकडून दहा वेळा 'माशाल्ला' घोटून घेतलं. तेव्हापासून काकू मेथीच्या जुडीलाही माशाल्ला म्हणायच्या, आणि माझ्या पार्किंगलाही.

डोळ्याचं ऑपरेशन करून घे, हा धोशा उम्म सालेमनेच लावला. म्हणून काकू चिपळूणला गेल्या.

सांगायची वेळ आली तेव्हा रीम म्हणाली, मी सांगते. मी नको म्हटलं. दोन वाक्यं पाठ करून गेले होते, ती कशीबशी म्हटली. उम्म सालेमच्या हातातला दोरा थांबला. मग तिने स्वतःच्या डोळ्याला बोट लावून विचारलं, "ऐन?"

"झेन," मी म्हटलं. डोळा छान झाला होता.

"तिला दिसलं?"

"दिसलं."

तिने मान हलवली. "अल्लाह यरहमहा," देव तिच्यावर दया करो, असं म्हणाली आणि माझा हात आपल्या मांडीवर घेऊन बसली.

याला आता दोन महिने होतील. केंद्रातून निघताना काकू दाराशी वळून "येते हं" म्हणायच्या. जाते म्हणू नये, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. पहिल्यांदा त्या तसं म्हणाल्या तेव्हा सगळ्या बायका दाराकडे बघायला लागल्या, कारण अरबीत 'याती' म्हणजे येतो. कोण येतंय? रीमने समजावून सांगितल्यावर बायकांनी तो निरोपाचा शब्द म्हणून उचलला. अजूनही बारा वाजता घरच्या गाड्या लागल्या की एकेक जण उठते आणि तेच म्हणते. परवा उम्म सालेम काठी टेकत दारापर्यंत गेली, थांबली आणि माझ्याकडे वळली.

"येते हं," ती म्हणाली, अगदी त्या 'हं'सकट.

मी म्हटलं, "या."